वाचकांचे प्रश्न : कोल्हापुरी चप्पल, पितळी कुलूप आणि तडकलेला खलबत्ता

रोजच्या वापरातली वस्तू मातीत बारकाव्यांसकट घडवण्याबद्दलची पत्रं या वेळी निवडली आहेत. ‘क्ले’ या एकाच नावाखाली दुकानात निरनिराळ्या गोष्टी मिळतात : न वाळणारा तेलकट क्ले, शाडू, भाजायचा पॉलिमर क्ले. एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही, म्हणून कुठलं उत्तर कुठल्या मातीसाठी आहे ते त्या-त्या ठिकाणी सांगितलं आहे.

प्रश्न : चित्रकलेच्या सरांनी घरातली एक वस्तू बारकाव्यांसह क्लेमध्ये करायला सांगितली आहे. मी आजोबांची कोल्हापुरी चप्पल निवडली. तळ जमतो, पण पट्टा खाली बसतो आणि वेणी घालायला घेतली की तुकडे पडतात. माझ्याकडे रंगीत कांड्यांचा, न वाळणारा क्ले आहे. (विद्यार्थिनी, इयत्ता नववी, सांगली)

वस्तू चांगली निवडलीस. तळ सपाट असल्यामुळे तिला उभं करायला आधार लागत नाही, आणि बघण्यासारखं जवळजवळ सगळं वरच्या बाजूला असतं.

आधी मोजमाप. चप्पल कागदावर ठेवून तळाभोवती पेन्सिल फिरव. मोठ्या माणसाची चप्पल साधारण 27 सेंटिमीटर लांब असते. निम्म्या मापात करायची तर लांबी साडेतेरा, पुढची रुंदी सुमारे 5 आणि टाचेकडची साडेतीन सेंटिमीटर येईल. निम्मं माप म्हटलं की माती निम्मी लागेल असं वाटतं, पण लांबी, रुंदी आणि जाडी तिन्ही निम्मी होत असल्यामुळे माती एक-अष्टमांश लागते. पूर्ण मापाच्या एका चपलेला जवळजवळ किलोभर क्ले जाईल, निम्म्या मापाच्या चपलेला 120 ग्रॅमच्या आसपास. चुकण्या-तोडण्यासाठी जास्तीचा धरून 200 ग्रॅम आण.

आता पट्टा. खऱ्या कोल्हापुरीचा तळ चामड्याच्या थरांचा असतो. पट्टा ज्यांना जोडलेला असतो ते दोन्ही बाजूंचे कान या थरांच्या मध्ये घालून शिवलेले असतात. तू बहुधा तळ एकाच गोळ्याचा केलास आणि पट्टा त्याच्या कडेला बाहेरून चिकटवलास. तिथे पकड नसते, म्हणून तो सुटतो आणि बसतो. चांभार करतो त्याच क्रमाने कर.

क्ले हातात मळून मऊ कर. 4 मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या दोन्ही बाजूंना ठेवून त्यांच्यामध्ये लाटणं फिरवलं की खालचा थर एकसारख्या जाडीचा मिळतो. वरचा थर 3 मिलिमीटरचा लाट. दोन्ही थर कागदी साच्यावरून काप. वरच्या थराला चामड्याचा पोत आत्ताच दे, कारण पट्टा बसल्यावर त्याच्या खाली हत्यार पोहोचत नाही. क्लेवर पातळ प्लास्टिक अंथरून जुन्या चामडी पाकिटाचा तुकडा त्यावर घट्ट दाब आणि सरळ वर उचल. घासला तर पोत पुसट होतो. मग खालच्या थरावर दोन्ही कान ठेव. कानांचा निदान 8 मिलिमीटर भाग आत जायला हवा. त्यावर वरचा थर बसवून कडेकडेने दाबत जा. टाचेखाली 5 मिलिमीटरचा वेगळा तुकडा लाव.

पट्ट्याच्या कमानीला आतून आधार हवा. पावलाच्या जाडीची कागदाची घट्ट गुंडाळी करून तिच्यावर प्लास्टिक गुंडाळ, ती तळावर ठेव आणि पट्टा तिच्यावरून टाक. खरं चामडं 3 मिलिमीटरचं असेल तर हिशेबाने पट्टा दीड मिलिमीटरचा यायला हवा, पण एवढा पातळ क्ले आपलं वजन पेलत नाही. अडीच मिलिमीटर ठेव. फक्त पुढची आणि मागची कड बोटाने दाबून पातळ कर. बघणारा जाडी कडेवरूनच ताडतो, त्यामुळे पट्टा पातळच दिसतो. उन्हाळ्यात क्ले फारच सैल पडत असेल तर पट्ट्याच्या पोटात 1 मिलिमीटरची ॲल्युमिनियमची तार घाल आणि तारेची टोकं कानांत खुपस. तार आधी खडबडीत घासून घ्यायची, नाहीतर क्ले तिच्यावरून घसरतो. गुंडाळी सगळं काम संपल्यावरच काढ, तीही आधी थोडी पिळून बारीक करून. अंगठ्याचा वेढा पेन्सिलीभोवती फिरवून कर आणि चप्पल फ्रीजमध्ये पंधरा मिनिटं ठेव. गार क्लेवर रेषा स्वच्छ उमटते, मऊ क्लेवर तिच्या दोन्ही बाजूंना वरंबे उठतात.

वेणी तीन पेडांची घालूच नकोस. दीड मिलिमीटरचा क्लेचा पेड वळणावर ताणला जातो आणि तुटतो, त्यात तुझा दोष नाही. चार बारीक दोऱ्या वळ. हाताने नव्हे, सपाट पट्टीखाली लाटून, म्हणजे जाडी सारखी येते. त्यातल्या दोन एकमेकींभोवती उजवीकडे पीळ देऊन गुंडाळ, उरलेल्या दोन डावीकडे. हे दोन दोर शेजारी-शेजारी ठेवून हलके दाबले की मधोमध वेणीची बाणासारखी नक्षी दिसते आणि हे दोर आहेत हे जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. पीळ दोन्हींना एकाच दिशेने दिलास तर नुसते दोन दोर दिसतील, वेणी नाही.

शिवणीसाठी आधी पट्टीच्या कडेने उथळ खाच पाड आणि टाके त्या खाचेच्या आत घे. कोल्हापुरीची शिलाई चामड्याच्या वादीची असते, मशीनच्या दोऱ्याची नव्हे. टाके लांबट आणि जाड असतात. म्हणून सुईच्या टोकाने टिंबं देण्यापेक्षा दाभणाच्या चपट्या बाजूने दोन-दोन मिलिमीटरचे ठसे दे. अंतर सारखं यावं म्हणून कंगवा हलका टेकवून आधी खुणा करून घे. लाल गोंडा हवा असेल तर मऊ लाल क्ले चहाच्या गाळणीतून अंगठ्याने दाब. पलीकडे बारीक केसांसारखे धागे निघतात. ते सुईने उचलून लावायचे, बोटाने धरले की त्यांचा पुन्हा गोळा होतो.

शेवटी आजोबांच्या चपलेकडे पुन्हा बघ. टाच बहुतेक बाहेरच्या कडेला झिजलेली असेल, अंगठ्याखाली आणि टाचेखाली खळगा पडला असेल. हे खळगे चमच्याच्या पाठीने पाड. नव्याकोऱ्या चपलेच्या शंभर टाक्यांपेक्षा हे दोन खळगे जास्त बोलतात. आणि जोडी करायच्या फंदात पडू नकोस. वेळ उरलाच तर दुसरी चप्पल पहिलीवर उलटी टेकलेली कर, म्हणजे टाच आणि खालची शिलाईही दाखवता येईल.

प्रश्न : आमच्या मुलाने जुनं पितळी कुलूप केलं. मापं बरोबर आहेत, अक्षरंही कोरली आहेत, तरी ते बिस्किटासारखं दिसतं. काय चुकलं? (पालक, नाशिक)

कडा. बोटांनी घडवलेली प्रत्येक कड गोल होते. धातूची कड मात्र प्रकाशात एक बारीक रेघ दाखवते, आणि ती रेघ नसली की डोळा त्या वस्तूला धातू मानत नाही. आणखी कितीही अक्षरं कोरली तरी हे सुधारणार नाही.

तेलकट क्ले असेल तर कुलपाचा ठोकळा हव्या त्या मापापेक्षा दोनेक मिलिमीटर मोठा करून फ्रीजमध्ये घट्ट होऊ द्या. मग रुंद पात्याने वरून एकदाच सरळ दाबून चारही बाजू कापायच्या. पातं ओढलं तर क्ले त्याच्याबरोबर ओढला जातो आणि कड फाटते. पात्याला प्रत्येक कापाआधी किंचित तेल लावा. हे काम मोठ्यांनी करून दिलं तर हरकत नाही. सगळ्या कडा झाल्या की स्टीलची पट्टी तिरकी धरून त्यांवर एकदा फिरवा, अगदी अर्ध्या मिलिमीटरची उतरण येईल इतकीच. जुन्या कुलपाच्या कडा हाताळून अशाच मोडलेल्या असतात.

वरची कडी सरळ ठोकळ्यावर चिकटवू नका. ठोकळ्यात पेन्सिलीने दोन भोकं पाडा, कडीची टोकं सेंटिमीटरभर आत घाला आणि तोंडाशी क्ले भरून टाकू नका. कडी आणि ठोकळा यांच्यामधली ती काळी फट राहू द्या. ती फट दिसली की कुलूप उघडेल असं वाटतं. चावीच्या भोकाचंही तेच : ते नुसतं रेखू नका, चांगलं 5-6 मिलिमीटर खोल करा, म्हणजे आत खरा अंधार राहील. मातीत काळी रेघ रंगाने नव्हे, खोलीने काढायची असते.

अक्षरांबद्दल. जुन्या कुलपांवर ती बहुधा ठशाने आत दाबलेली असतात. सुईने खरवडली तर गिचमिड होते. खोडरबरावर अक्षरं आरशातल्यासारखी उलटी काढून भोवतालचं रबर कापून टाकलं की ठसा तयार होतो. तो गार क्लेवर एकदाच दाबायचा.

प्रश्न : शाडूचा खलबत्ता केला. दोन दिवसांनी बुडाला मोठी भेग पडली आणि काठाला बारीक तडे गेले. शाडू तर गणपतीसाठी वापरतात, मग ती कच्ची माती कशी? (विद्यार्थी, इयत्ता दहावी, पेण)

माती कच्ची नाही. तुझ्या गावातल्या कारखान्यांतल्या मूर्ती बाहेरून भरीव दिसल्या तरी साच्यातून काढलेल्या पोकळ असतात, भिंत सगळीकडे साधारण सारखी. तुझा खल मात्र काठाला पातळ आणि बुडाला जाड आहे. ओली माती वाळताना आकसते. मातीगणिक फरक पडतो, पण लांबीत शेकडा 5 ते 8 आकस धरून चालावं. काठ आधी वाळून आकसून बसला, बूड अजून ओलंच. मग बूड आकसायला लागलं तेव्हा काठ हलायला तयार नव्हता. ती ओढाताण भेगेच्या रूपात बाहेर आली.

पुढच्या वेळी खल बाहेरून पूर्ण कर, माती चामड्याइतकी घट्ट झाली की उलटा करून बुडातली माती तारेच्या कोरणीने खालून काढ. भिंत आणि बूड दोन्ही सव्वा सेंटिमीटरच्या आसपास असू देत. बत्ताही आतून पोकळ कर, आणि त्याला टाचणीने एक भोक ठेव म्हणजे आतली दमट हवा बाहेर पडेल. मळताना पाणी बेताचं घाल : गोळा बोटाला चिकटत असेल तर पाणी जास्त झालं आहे आणि तेवढाच आकसही जास्त होणार. चिमूटभर पिंजलेला कापूस किंवा भिजवून कुटलेला कागद मिसळला तर तडे कमी जातात, पण मग कोरताना धागे वर येतात. बारीक नक्षी हवी असेल तर आतल्या थरात कापसाची माती आणि वर पातळ थर नुसत्या शाडूचा घे.

वाळवणं पंख्याखाली किंवा उन्हात नको. पहिले दोन दिवस वर ओलसर फडकं आणि त्यावर सैल प्लास्टिक. मग काठावर फडकं तसंच ठेवून बूड उघडं टाक. वस्तू लाकडी पट्ट्यांवर ठेवली तर खालूनही हवा लागते. पावसाळ्यात आठवडासुद्धा लागेल.

पडलेली भेग आत्ता ओल्या मातीने भरू नकोस. कोरडी माती त्या ओल्या मातीतलं पाणी शोषून घेते आणि भराव आकसून पुन्हा सुटतो. वाळलेल्या शाडूची पूड, थोडा कापूस आणि फेव्हिकॉल एकत्र करून लापशीइतकं घट्ट मिश्रण कर, भेगेच्या कडा ब्रशने किंचित ओल्या करून ते आत दाब, आणि वाळल्यावर पॉलिश पेपर फिरव.

कुणी ओव्हनमध्ये भाजायचं सुचवलं तर ऐकू नकोस. मातीच्या कणांतलं बांधलेलं पाणी जाऊन ती पुन्हा न विरघळणारी व्हायला 600 अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त उष्णता लागते. घरातला ओव्हन 250 वर थांबतो. उलट आत ओल राहिली असेल तर तिची वाफ होऊन वस्तू फुटते.

प्रश्न : मी कलाशिक्षिका आहे. आठवीच्या वर्गात 50 मुलं, तास 35 मिनिटांचा. ‘रोजची वस्तू’ हा विषय दिला की मुलं चष्मा, सायकल, छत्री असलं काहीतरी निवडतात आणि दुसऱ्या तासाला सगळं मोडलेलं असतं. (शिक्षिका, परभणी)

वस्तूंची यादी तुम्हीच द्या. मुलांना निवड हवी, पण ती यादीतून. कुलूप, कपबशी, पोळपाट-लाटणं, चार्जरचा प्लग, चपला, टूथपेस्टची अर्धी पिळलेली ट्यूब, बटाटेवडा आणि पाव. ट्यूब फार चांगली वस्तू आहे, कारण तिच्या सुरकुत्या प्रत्येक मुलाच्या वेगळ्या येतात आणि शेजाऱ्याचं बघून करता येत नाही.

चष्मा किंवा सायकलच करायची असेल तर ती उठावात घ्या. 15 सेंटिमीटर बाजूची, 1 सेंटिमीटर जाडीची पाटी, आणि तिच्यावर वस्तू तिच्या खऱ्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी उचललेली. काड्या पाटीलाच चिकटलेल्या असल्याने मोडायचा प्रश्न राहत नाही. मुलं उठावात एक चूक हमखास करतात : सगळं एकाच उंचीवर ठेवतात, मग ते कापून चिकटवल्यासारखं दिसतं. डोळ्याला जवळचा भाग सर्वांत उंच आणि मागे जाणारी काडी हळूहळू पाटीत बुडणारी, हे फळ्यावर आडवा छेद काढून दाखवा. तोंडी सांगून ते पोहोचत नाही.

तुमच्या तासाच्या हिशेबात तेलकट क्लेच बरा. तो वाळत नाही, त्यामुळे काम आठवडाभर मध्येच सोडता येतं आणि पुढच्या वर्षी तोच वापरता येतो. इंग्लंडमधल्या बाथ इथले कलाशिक्षक विल्यम हार्बट यांनी 1897 मध्ये प्लॅस्टिसिन तयार केलं ते याच अडचणीमुळे. वर्गात माती वाळू नये एवढंच त्यांना हवं होतं. एका मुलाला 100 ग्रॅम धरा, म्हणजे वर्गाला 5 किलो. रंगांची खिचडी झाली की सगळ्याचा राखाडी गोळा होतो. बारकावे बघायला तो राखाडी रंगच उत्तम, म्हणून तो फेकू नका. आमच्या मते आठवीला पहिलं काम एकाच रंगात द्यावं. रंग मिळाला की मुलं आकार सोडून त्याच्याच मागे लागतात.

चार तास पुरतात. पहिल्यात माती द्यायचीच नाही : वस्तू समोर, तिची समोरून, बाजूने आणि वरून अशी तीन रेखाटनं, पट्टीने घेतलेली पाच मापं. दुसऱ्यात मोठे आकार, तेही ठोकळा, नळकांडं, गोळा यांतूनच. तिसऱ्यात जोडणी. चौथ्यात पोत, शिवण, अक्षरं, झीज. दुसऱ्या तासाला टाचणी हातात घेऊन नक्षी कोरणारी मुलं सापडतीलच. त्यांच्याकडून टाचणी काढून घ्या. कपाचा डोलारा वाकडा असताना त्यावर फुलं कोरली तर कप सरळ करताना ती फुलं जातातच, आणि मूल मग वाकडेपणाच सांभाळत बसतं. गुण देतानाही वस्तू हातभर अंतरावरून आधी बघा, मग जवळून.

डबा बंद ठेवा, सावलीत. परभणीचा मे महिना क्लेला मानवत नाही.

प्रश्न : पूर्ण झालेल्या क्लेच्या वस्तूवर पोस्टर कलर दिला तर तो पापुद्र्यासारखा निघतो. (विद्यार्थी, इयत्ता नववी, मडगाव)

क्ले तेलकट आहे आणि तुझा रंग पाण्यातला. तो क्लेवर धरत नाही, आणि धरला तरी क्ले हाताळताना दबतो आणि रंगाचा कोरडा थर फुटतो. वार्निश मारूनही उपयोग नाही. रंग क्लेमध्येच मिसळ : कमावलेल्या चामड्यासाठी तीन भाग पिवळा, एक भाग लाल आणि काळा अगदी वाटाण्याएवढा, तोही थोडा-थोडा घालत. काळा आधी घेतलास तर तो उजळवायला सगळा पिवळा संपेल. पूर्ण मिसळण्याच्या थोडं आधी थांबलास तर लाकडासारख्या किंवा जुन्या चामड्यासारख्या रेषा मिळतात.

बोटांचे ठसे घालवायचे असतील तर खोबरेल तेलाचा एक थेंब बोटावर चोळून मग फिरव. थेंबच. जास्त झालं तर त्या जागी पुढचा तुकडा चिकटणार नाही. म्हणून हे काम सगळी जोडणी झाल्यावर.

वाळलेल्या शाडूला मात्र पोस्टर कलर चालतो. आधी एक भाग फेव्हिकॉल आणि तीन भाग पाणी मऊ ब्रशने एकदाच लाव; पुन्हा-पुन्हा घासलंस तर वरची माती विरघळून शिवणी बुजतात. तो थर वाळल्यावर मूळ रंग दे, आणि नंतर पातळ गडद तपकिरी रंग खाचांत सोडून वरचा ओल्या फडक्याने पुसून घे. खाचांत राहिलेला रंग टाके उठवतो.

प्रश्न : पॉलिमर क्लेची छोटी किल्ली भाजताना काळी पडली आणि घरभर उग्र वास आला. तापमान वाढवलं तर लवकर भाजते का? (वाचक, ठाणे)

नाही, जळते. पॉलिमर क्ले म्हणजे पीव्हीसी. तो खूप तापला की जळून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. वास आला की ओव्हन बंद करा, खिडक्या उघडा आणि खोलीबाहेर थांबा. तापमान आणि वेळ पाकिटावर असते तीच पाळा. फिमोसारखा क्ले 110 अंशांवर अर्धा तास सांगतो, स्कल्पीचा 130 अंशांच्या जवळ, दर 6 मिलिमीटर जाडीला 15 मिनिटं. घरगुती ओव्हनची चकती 130 दाखवत असताना आत तापमान बरंच वरखाली होत असतं; दोनेकशे रुपयांचा तापमापक आत ठेवणं एक डबा क्ले वाया घालवण्यापेक्षा स्वस्त पडतं. किल्ली जाळीवर न ठेवता फरशीच्या तुकड्यावर ठेवा आणि वरून ॲल्युमिनियम फॉइलची सैल टोपी घाला. किल्लीचे दात पातळ असतात, ते आधी करपतात. मायक्रोवेव्हमध्ये भाजू नका. गरम असताना ती रबरासारखी वाकते, म्हणून कच्ची राहिली असं समजून पुन्हा आत टाकू नका. गार झाल्यावरच कडक होते.